ओल्या धान्याचा राखणदार

तुमची त्याची भेट झालेली आहे, ओळख तेवढी राहिली आहे. आंबोळीचं पीठ रात्री भिजवून सकाळी झाकण उघडलं की जो आंबूस वास येतो, तो वास निर्माण करणाऱ्या मंडळींत हा असतो. आंबिलीत असतो, कुर्डयांसाठी भिजत घातलेल्या गव्हात असतो, गोठ्यामागच्या मुरघासात तर हटकून असतो. पूर्ण नाव लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटॅरम. आपण नुसतं प्लँटॅरम म्हणू. ते लांबलचक नाव त्यालाही अलीकडेच मिळालं आहे.

नावाची हकीकत सांगायलाच हवी. ओर्ला-येन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ साली त्याची पहिली नोंद केली. पुढे कितीतरी वर्षं तो लॅक्टोबॅसिलस या भल्यामोठ्या एकत्र कुटुंबात नांदला. कुटुंब वाढत वाढत अडीचशेहून जास्त प्रजातींचं झालं, एकमेकांशी फारसं नातं नसलेलेही एकाच आडनावाखाली राहू लागले, आणि २०२० साली वाटण्या झाल्या. एका घराची पंचवीस घरं झाली. वाटण्या करणारे मात्र जाणते होते. त्यांनी नवी आडनावं अशी बेतली की इंग्रजी आद्याक्षर बदलू नये. पाकिटावर, प्रयोगशाळेतल्या बाटलीवर आडनावाचं एकच अक्षर आणि पुढे ‘प्लँटॅरम’ असं आटोपशीर लिहिलेलं होतं, ते तसंच राहिलं.

दिसायला साधा आहे. तीन ते आठ मायक्रॉन लांबीची काडी, एवढंच त्याचं रूप. चालणं-पोहणं त्याला जमत नाही. पडेल तिथे राहतो आणि तिथलंच खातो. कोबीच्या पानावर, मक्याच्या धाटावर, माणसाच्या आतड्यात, कुठेही. २००३ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी त्याचा जनुकसंच वाचून काढला तेव्हा तो तेहतीस लाख अक्षरांचा निघाला. त्याच्या भाऊबंदांच्या मानाने हे बाड बरंच जाड आहे. त्यातला मोठा भाग नाना तऱ्हेच्या साखरा उचलून पचवण्याच्या कामाचा. जिथे जाईल तिथल्या पानात जे वाढलं असेल ते गोड मानून घेणारा हा पाहुणा आहे.

खाण्याच्या बाबतीत त्याचा एकच हट्ट आहे, आणि तो फार विलक्षण आहे. पृथ्वीवरचे बहुतेक सगळे जीव लोखंडासाठी भांडतात. आपल्या रक्तातल्या लोहावरही रोगजंतूंचा डोळा असतो. प्लँटॅरमला लोखंड जवळजवळ लागतच नाही. त्याचा जीव आहे मँगनीजवर. तो मँगनीज इतकं साठवतो की प्राणवायूच्या विषारी अंशांपासून बचाव करायला इतर जीव जे खास विकर बनवतात, ते बनवण्याची त्याला गरज पडत नाही. साठवलेलं मँगनीजच ते काम करतं. अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी हे १९८१ साली दाखवून दिलं. तेव्हा ती त्याची एक गमतीदार लकब वाटली असेल. पण त्या लकबीत बुरशीचा काळ दडलेला होता, कारण मँगनीज बुरशीलाही लागतं. २०२० साली डेन्मार्कमध्ये त्याच्या दोन जवळच्या नातलगांचा अभ्यास झाला. दह्यासारख्या पदार्थात हे जिवाणू भोवतालचं मँगनीज इतकं टिपून घेतात की नंतर पडलेल्या बुरशीला वाढायला ते उरतच नाही. मँगनीज वरून घातलं की बुरशी पुन्हा तरारून येते. ज्या बुरशीवर इतकी वर्षं कुठलं रसायन चालतंय याचा शोध चालू होता, ती इथे उपासमारीने रोखली जात होती.

स्वभावाने तो उशिरा येणारा आहे. कोबी मिठात घालून आंबवतात तेव्हा सुरुवातीला ल्युकोनोस्टॉक नावाची मंडळी उत्साहाने पुढे होतात. इडलीच्या पिठातही फुगवण्याचं श्रेय मुख्यतः त्यांचंच. मग आंबटपणा वाढत जातो आणि आपणच केलेल्या आम्लात ही मंडळी मंदावतात. प्लँटॅरम तेव्हा रंगात येतो. इतरांना जे असह्य होतं त्यात तो सुखाने राहतो आणि आणखी आंबट करतो. तीस ते सदतीस अंश तापमान त्याला मानवतं. डिसेंबरात पुण्या-नाशकाकडे पीठ हलत नाही आणि घरोघर पातेली चादरीत गुंडाळून शेगडीजवळ नेऊन ठेवतात, तो सगळा लाड या मंडळींचा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आंबट झालं की बुरशी येत नाही, असं आपण धरून चालतो. लिंबाच्या लोणच्याची बरणी एकदा पावसाळ्यात उघडून पाहावी. लिंबाइतक्या आंबट वस्तूवरही पांढरे ठिपके येतात. आम्ल एकटं बुरशीला पुरं पडत नाही. म्हणून प्लँटॅरमजवळ आणखी काही आहे. इटलीतल्या बारीच्या संशोधकांनी आंबवलेल्या पावाच्या कणकेतून त्याचा एक वाण वेगळा काढला. तो वाण लॅक्टिक आम्लाबरोबर फिनाइललॅक्टिक आम्लही बनवत होता. त्यांनी पाव भाजले. नुसत्या यीस्टच्या पावावर दोन दिवसांत काळी बुरशी वाढली. या वाणाने आंबवलेल्या पावावर बुरशी यायला सात दिवस लागले. हे २००० सालचं काम आहे. त्यानंतर स्वीडनमध्ये त्याचा दुसरा वाण सापडला, त्याच्याजवळ बुरशीला रोखणारी छोटी वर्तुळाकार पेप्टाइडं होती. थोडं आम्ल, थोडं हे, थोडं ते आणि मँगनीजची टंचाई, असं सगळं मिळून तो बुरशीला नामोहरम करतो. यातलं एकेक वेगळं काढून तपासलं तर प्रत्येकाचा जोर बेताचाच निघतो.

आता त्याचा अहंकार. प्लँटॅरम म्हटला म्हणजे सगळे सारखे, हे त्याला बिलकुल मान्य नाही. बारीच्या वाणाला जे येतं ते शेजारच्या वाणाला येईलच असं नाही. एखादा बुरशीपुढे उभा ठाकतो, एखादा नुसतं आंबट करून मोकळा होतो. फिनलंडमध्ये बिअरसाठी बार्ली भिजवून मोड आणतात. धान्य ओलं, हवा खेळती, दिवस पाच-सहा. फ्युजॅरियम बुरशीला याहून चांगला मुक्काम मिळायचा नाही. त्या बुरशीमुळे पुढे बाटली उघडताच बिअर उसळून बाहेर येते, आणि फ्युजॅरियमचं विषही मागे राहण्याचा धोका असतो. तिथल्या संशोधकांनी बार्लीच्या भिजवणाच्या पाण्यात प्लँटॅरम सोडला आणि फ्युजॅरियम आटोक्यात ठेवलं. पण त्यासाठी त्यांनी वाण पारखून निवडला होता. पाकिटावर नुसतं ‘प्लँटॅरम’ लिहिलेलं पाहून भरवसा ठेवायचा नसतो. पुढचा वाणाचा क्रमांक वाचायचा असतो.

हे सगळं कशासाठी, ते सांगायचं तर त्याच्या शत्रूची ओळख करून द्यावी लागेल. ते काम मी नाखुशीनेच करतो.

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखावर पिल्लं पटापट मेली. कारण शोधता शोधता माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा. पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी होती, आणि तिने पेंडीत विष सोडलं होतं. त्याचं नाव अफ्लाटॉक्सिन पडलं. हे विष भाकरी भाजून जात नाही, भात शिजवून जात नाही. यकृतात गेलं की तिथे त्याचं आणखी घातक रूप तयार होतं आणि ते थेट पेशीच्या जनुकद्रव्याला चिकटतं. यकृताच्या कर्करोगाचं ते सिद्ध झालेलं कारण आहे. आपल्याकडे तृणधान्यात त्याची मर्यादा किलोला पंधरा मायक्रोग्रॅम आहे. मीठ-मसाल्याच्या मापांची सवय असलेल्या हाताला हा आकडा समजतच नाही, इतका तो लहान आहे.

१९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसाने मका भिजला. गरीब आदिवासी घरांत वर्षाचं धान्य तेच. ते ओलंच साठवलं गेलं आणि खाल्लं गेलं. माणसांचे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी साठू लागलं. त्याच घरातलं अन्न खाणारी कुत्रीही गेली. नोंदले गेलेले ३९७ रुग्ण, १०६ मृत्यू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी मक्यातलं अफ्लाटॉक्सिन मोजलं तेव्हा ते आजच्या मर्यादेच्या शेकडो पट निघालं. तीस वर्षांनी, २००४ साली, पूर्व केनियात हेच घडलं: ३१७ रुग्ण, १२५ मृत्यू, पुन्हा मकाच. मधल्या काळात, १९९५ साली, दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसाने भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. तिथे विष वेगळं होतं, फ्युमोनिसिन, फ्युजॅरियमचं. खरिपाची ज्वारी कणसात असताना पाऊस झाला की दाणा काळा पडतो हे आपल्याकडच्या कुठल्याही ज्वारीवाल्याला विचारा. ती काळी ज्वारी बाजारात पडेल भावाने जाते, आणि पडेल भावाचं धान्य कोणाच्या ताटात जातं हे सांगायला नको.

पंचमहालातल्या त्या मक्यापुढे प्लँटॅरमचं काही चाललं नसतं. हे मी त्याच्या तोंडावर सांगेन. त्याच्यावर माया असलेल्या माणसाने तर हे आधी सांगायला हवं, कारण आजकाल पाकिटांवर त्याच्या नावाने फार काही छापून येतं. बुरशी येऊ न देणं हे एक काम आणि बुरशीने सोडून ठेवलेलं विष काढणं हे दुसरं. पहिल्या कामात तो वाकबगार आहे. दुसऱ्यात तो मदतनीस आहे.

तरी दुसऱ्या कामातली त्याच्या कुळाची एक सवय ऐकण्यासारखी आहे. १९९८ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी त्याच्या ऱ्हॅम्नोसस नावाच्या नातलगाचे दोन वाण अफ्लाटॉक्सिनच्या द्रावणात सोडले. सुमारे ऐंशी टक्के विष द्रावणातून नाहीसं झालं. ते त्यांनी खाल्लं नव्हतं, तोडलंही नव्हतं. धोतराच्या काठाला कुसळं चिकटावीत तसं ते त्यांच्या पेशीभित्तीला चिकटलं होतं. मग जिवाणू उकळून मारले आणि पुन्हा तोच प्रयोग केला. मेलेल्यांनी विष धरून ठेवायचं सोडलं नाहीच. उलट काही वेळा जास्त धरलं. उष्णतेने भिंत उसवते आणि विषाला चिकटायला नव्या जागा मोकळ्या होतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. इडली उकडली, आंबील शिजवली म्हणजे त्या कुळातल्या साऱ्यांचं आयुष्य संपतं. काम संपत नाही. या एका गोष्टीसाठी मला ही मंडळी मनापासून आवडतात.

पण पकड सैल असते. धुतलं की थोडं विष सुटतं. शिवाय निम्म्याहून जास्त विष धरायला दर मिलिलिटरला दोनशे कोटी तरी जिवाणू लागतात असं त्याच अभ्यासात दिसलं. चांगलं आंबलेलं पीठही क्वचितच तेवढं भरगच्च असतं. आणि इथेही वाणावाणात जमीन-अस्मानाचा फरक आहेच. खुद्द प्लँटॅरमचे पुष्कळ वाण या बाबतीत ऱ्हॅम्नोससच्या मागे पडतात. त्याला ते सांगितलेलं आवडणार नाही.

माणसाच्या पोटात ही पकड उपयोगी पडते का, हे पाहिलं गेलं चीनमध्ये, ग्वांगझूला. नव्वद निरोगी तरुणांपैकी काहींना ऱ्हॅम्नोससचा एक वाण आणि दुधातला दुसरा एक जिवाणू मिळून गोळीतून दिला, काहींना नुसती साधी गोळी. अफ्लाटॉक्सिनने जनुकद्रव्याला केलेल्या इजेची खूण लघवीत सापडते. पाचव्या आठवड्याला जिवाणू घेणाऱ्यांत ती खूण निम्म्याहून खाली आली होती. जिवाणूंनी विष आतड्यातच अडवलं, यकृतापर्यंत कमी पोचू दिलं. एवढ्यावरून गोळी खा आणि काळा मका खुशाल शिजवा असं कोणी म्हणेल तर तो माणूस धोकादायक आहे. पण ज्या मुलखात जरा जरा विष रोजच ताटात येतं, तिथे ते निम्म्यावर आणण्याची किंमत मोठी आहे.

विष खरोखर मोडून टाकणारे जिवाणूही आहेत, पण ते या घरातले नव्हेत. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी गायीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातून असा एक जिवाणू काढला की जो फ्युजॅरियमच्या डीऑक्सिनिव्हॅलेनॉल या विषाचा दातच उपटतो. रेणूतला जो भाग घातक, तेवढाच बदलून टाकतो. युरोपात तो डुकरांच्या खाद्यात वापरतात. प्लँटॅरमला अशी शस्त्रक्रिया येत नाही आणि त्याने ती येते असा आवही आणलेला नाही.

त्याचं खरं राज्य पाहायचं असेल तर मुरघासाच्या खड्ड्यावर जावं. मक्याची कुट्टी, वर प्लँटॅरमचं कल्चर शिंपडलेलं, ट्रॅक्टर फिरवून दाबलेलं, प्लॅस्टिकने गच्च झाकलेलं. आत हवा नाही, साखर भरपूर. काही दिवसांत आम्ल इतकं वाढतं की इतरांची डाळ शिजत नाही, आणि हवा नसल्याने बुरशी आधीच गारद. महाराष्ट्रातल्या दूधवाल्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. चांगला मुरघास तो रंगावरून आणि वासावरून ओळखतो. मात्र प्लॅस्टिक फाटलं, किंवा खड्डा उघडून रोज थोडाथोडा न काढता आठवडाभर तसाच ठेवला, की कडेला बुरशी धरते. प्लँटॅरम भरपूर लॅक्टिक आम्ल करतो, पण उघड्यावर यीस्टच ते आम्ल खाऊन टाकतात आणि मागून बुरशीला वाट मोकळी होते. म्हणून त्याच्या जोडीला बुकनेरी नावाचा चुलतभाऊ देतात. तो अ‍ॅसिटिक आम्ल करतो, ज्याची धास्ती यीस्टलाही असते. दोघे मिळून राखण करतात.

ही राखण फक्त गोठ्याची नव्हे. गायीने बुरशीचं खाद्य खाल्लं की त्यातल्या अफ्लाटॉक्सिनचा एक ते सहा टक्के भाग एम-१ या रूपात दुधात उतरतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यातल्या ५.७ टक्के नमुन्यांत एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघालं. भेसळीच्या बातम्या आपण चवीने वाचतो. हे विष कोणी दुधात ओतलेलं नसतं. ते पेंडीतून, ओल्या मक्याच्या भरड्यातून, निष्काळजीपणे ठेवलेल्या चाऱ्यातून येतं, आणि लहान मूल ते पेल्यातून पितं.

नायजेरियात प्लँटॅरमला घरच्यासारखा मान आहे. तिथे मका किंवा ज्वारी एक ते तीन दिवस भिजवतात, ओली दळतात, गाळतात आणि पुन्हा आंबवतात. त्याची लापशी म्हणजे ओगी. बाळाचं पहिलं अन्न बहुतेक हेच. तिच्यात प्लँटॅरम पाटलासारखा असतो. घानात मक्याच्या आंबलेल्या पिठाचे गोळे पानात बांधून उकडतात, त्याला केंकी म्हणतात. तिथे फर्मेंटम नावाच्या भाऊबंदाचं चालतं. आपल्या कुर्डयाही याच चालीच्या. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चोथा बाजूला करायचा आणि खाली बसलेला चीक शिजवायचा. ओतून दिलेल्या पाण्याबरोबर फ्युमोनिसिनसारखी पाण्यात विरघळणारी विषं काही प्रमाणात जातात, कोंड्यात जमणारा भाग चोथ्याबरोबर जातो, आणि तीन दिवस भिजलेल्या गव्हाला बुरशी का लागत नाही याचं उत्तर त्या आंबूस पाण्यातच असतं. हे करणाऱ्या आज्यांना विषाचं नाव माहीत नव्हतं. पण दाणे निवडून काळे-सुरकुतलेले बाजूला काढल्याशिवाय त्या गहू भिजत घालत नसत. बुरशीचं विष पोतंभर दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं, थोड्याशा बिघडलेल्या दाण्यांतच एकवटलेलं असतं. म्हणून सुपातलं पाखडणं आणि ताटातलं निवडणं, ही दोन कामं कुठल्याही जिवाणूपेक्षा जास्त विष घरातून बाहेर काढतात.

प्लँटॅरमशी वागण्याचे नियम थोडे आहेत. धान्य चांगलं वाळवून त्याच्या हाती द्यावं. बुरशी लागलेलं धान्य आंबवून खपवू नये. ते त्याच्यावर लोटण्याचं काम नाही. पिठाला ऊब द्यावी, भांडं झाकलेलं असावं, आणि आधीच्या चांगल्या पिठातला चमचाभर नव्यात घातला तर तो लवकर जम बसवतो. आणि एखाद्या पावसाळी सकाळी झाकण उघडल्यावर पिठावर हिरवट किंवा काळी लव दिसली, तर समजावं की या खेपेला तो हरला. तेवढा भाग चमच्याने काढून बाकीच्याच्या आंबोळ्या घालायच्या नाहीत. बुरशीचे धागे आणि विष दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. सगळं पीठ टाकून द्यावं, भांडं उकळत्या पाण्याने धुवावं, आणि नवे तांदूळ निवडायला घ्यावेत.